तळातलं पान

माझ्या फजितीच्या गोष्टी आमच्या वाडीत पोरंसोरंसुद्धा सांगतात. मॅट्रिकला दोनदा आपटलो ती. महाडच्या बाजारात नव्या सासऱ्यांना ओळखलं नाही आणि त्यांच्याशी वांग्यांच्या भावावरून भांडलो ती. पोलादपूरच्या स्टँडवर भलत्याच एसटीत बसून झोपलो आणि आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला जागा झालो, मग थंडीनं धोतराचं टोक डोक्याला गुंडाळून परतीच्या गाडीची वाट बघत बसलो ती. या सगळ्या मीच पसरवल्या. माणसं हसली की मला बरं वाटतं. पण एक गोष्ट मी पसरवली नाही. बायकोला सांगितली नाही, तीर्थाला गेलो तेव्हा नदीच्या पाण्यात उभा राहूनही सांगितली नाही — तिथं तर ऐकणारंही कुणी नव्हतं.

मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा त्या गोष्टीतलं माझ्याशिवाय आता कुणी उरलं नाही, म्हणून. हे दुसरं कारण जास्त खरं आहे. आणि जास्त लाजिरवाणं.

हसण्यासारख्या जागी सुरुवात करतो. मला तेवढंच नीट येतं.

पोलादपुरात तेव्हा संध्याकाळी कंदील लागत. आमची वाडी तिथून उमरठच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. शिमग्याला मुंबईची माणसं घरी येत आणि दहा-पंधरा दिवस वाडी भरलेली असे. माझा चुलतभाऊ नारूदादा गिरणीत होता. तो येताना साबण, बिस्किटं आणि पत्त्यांचा जोड घेऊन यायचा. त्या वर्षी त्यानं आणलेला जोड अर्धा उंदरांनी खाल्लेला निघाला. चौकटचा राजा गेला, दोन राण्या गेल्या, गुलामाचं नुसतं डोकं उरलं.

"खाल्लं त खाल्लं," गंगाराम म्हणाला. "आपण आपलं राजं करू."

गंगाराम माझा शेजारी, माझ्याच वयाचा, पण देव मला द्यायला जे जे विसरला होता ते सगळं त्यानं त्याला दिलेलं. उंची, छाती, आवाज. गावदेवीची पालखी नाचवायची तर गंगारामनं. पुढचा उजवा खांदा त्याचा. पालखी त्याच्या खांद्यावर असली की ती चार माणसं उचलतात असं वाटायचं नाही, वाऱ्यावर आल्यासारखी यायची.

तर आम्ही आमचे राजे केले. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, भाताच्या खळीनं त्यावर कागद चिकटवला, काजळ आणि गेरूनं रंगवला. पण एकदा पुठ्ठा हातात आल्यावर नुसत्या राजा-राणीवर कोण थांबतो? दुसऱ्या दिवशी नारूदादानं "सासू" काढली. सासूचं पान ज्याच्याकडे येईल त्यानं डाव संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी "तलाठी" काढला. तो आला की प्रत्येकाच्या हातातलं आवडेल ते पान न विचारता उचलायचं. मग "एसटी" आली, तिला बघून सगळ्यांनी उठून जागा बदलायच्या आणि शेवटचा राहील त्यानं उभ्यानं खेळायचं. नियम असा ठरला की रोज प्रत्येकानं एक नवं पान करायचं, त्याचा हुकूम सांगायचा, आणि पान ज्याच्या हाती त्यानं हुकूम पाळायचा. खेळ कोण जिंकतो हे कुणालाच कळत नसे. त्याची गरजही नव्हती.

गंगारामनं काढलं ते "पालखीचं" पान. चार काड्यांसारखे भोई आणि वर एक चौकोन. ते ज्याला येईल त्यानं शेजारच्याला खांद्यावर घेऊन खळ्यात एक फेरी मारायची. ते पान मला यायचं. का कोण जाणे, मलाच यायचं. आणि माझ्या शेजारी गंगाराम. मी त्याला खांद्यावर घेऊन दोन पावलं टाकी आणि दोघंही शेणानं सारवलेल्या खळ्यात. ओटीवर बसलेली त्याची आई, भागीकाकी, सुपात वाल निवडता निवडता हसून हसून डोळे पुसायची.

"इठ्या, तुझं पाय कुनी उलटं बसिवलं काय रं?" ती म्हणायची. "जपून टाक बाबा, एखाद दिशी मोडून घेशील."

माझ्या पायांची काळजी तिला तेव्हापासून.

आणि मग — मी ते पान केलं.

आमच्याकडे कौल म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही, तुमच्यासाठी सांगतो. गावदेवीच्या पाषाणाला गुरव दोन ओल्या कळ्या लावतो, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालून, म्हणजे देवीला साकडं घालून, वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवीचा होकार. डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, परगावी जाणं, सगळं तिला विचारून. आणि एकदा मिळालेला कौल त्याच गोष्टीसाठी पुन्हा मागायचा नाही. ती एकदाच बोलते.

माझ्या पानाचं नाव "कौल". ते ज्याच्याकडे येईल त्यानं एक प्रश्न विचारायचा, आणि मी गठ्ठ्यातलं पान उलटायचं. लाल निघालं तर उजवा, काळं निघालं तर डावा. मीच उलटायचं, कारण पत्ते पिसण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण दुसरं कुठलंही काम मला जमत नाही यावर वाडीचं एकमत होतं.

पण पत्ते पिसणं मला जमायचं. फार चांगलं जमायचं. एक लाल पान गठ्ठ्याच्या तळाला धरून ठेवायचं, वरचे पत्ते हवे तितके पिसायचे, आणि वेळ आली की वरचं पान उचलतोय असं दाखवत बोटानं तळातलं ओढायचं. हे मी पोलादपूरच्या बाजारात एका फिरत्या माणसाकडे बघून शिकलो होतो. आयुष्यात मन लावून शिकलो ती एकच विद्या. काळं हवं असेल तर तळाला काळं.

आधी सगळं चेष्टेतच होतं. नारूदादानं विचारलं, आज घरी मटण आहे काय? मला माहीत होतं, त्याच्या घरासमोरून मी आताच आलो होतो, मसाल्याचा वास गल्लीभर पसरला होता. लाल. कुणी विचारलं, उद्या पाहुणा येईल काय? मी सकाळी पोलादपुरात त्या पाहुण्याला भेटलो होतो. लाल. जिथं मला काहीच ठाऊक नसे तिथं मी प्रश्न वळवायचो, टोलवायचो, हसण्यावारी न्यायचो. चार दिवसांत वाडीत बोलबाला — इठूचं पान खोटं बोलत नाही. मला गंमत वाटली. मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या माणसाचं कुठलंतरी पान खरं बोलतंय म्हणून लोक ऐकतायत, कुणाला गंमत वाटणार नाही?

मग भागीकाकीची रेडी हरवली. दोन दिवस सापडेना. काकी सूप खाली ठेवून खळ्यात आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"इठ्या, इचार बगू तुझ्या पानाला. वढ्यापल्याड गेली काय माझी रेडी?"

मी त्या सकाळी रेडी पाहिली होती. ओढ्यापलीकडे, करवंदीच्या जाळीत, शिंगाला वेल अडकलेली. सांगायला येतच होतो, खरंच. पण तिनं पानालाच विचारलं. मी तळातलं लाल पान काढलं, बदामची अठ्ठी. गंगाराम धावत गेला आणि तासाभरात रेडी घेऊन आला. काकीनं त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याला हळदकुंकू लावलं. मी हसलो नाही. पहिल्यांदाच मला त्या पानाकडे बघून हसू आलं नाही. पण मी गप्प राहिलो. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाचा आनंद कशाला मोडायचा, असं मी स्वतःला सांगितलं. त्यानंतर हेच वाक्य मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल.

इथवर हसण्यासारखं होतं. इथून पुढे नाही.

नारूदादा त्या वर्षी एक बातमी घेऊन आला होता. त्याच्या खात्यात एक जागा होती. एकच. माणसं भरणाऱ्या जॉबरशी बोलणं झालं होतं, शिमगा आटपून येताना एक माणूस सोबत आणायचा. माझ्या वडलांनी त्याला आधीच गाठून माझं नाव सांगितलं होतं. पत्र्याची पेटी पोलादपूरहून आली होती, तिच्यावर माझं नाव रंगवून झालं होतं.

मला जायचं नव्हतं. का नव्हतं, ते मी लोकांना वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत होतो. आईची तब्येत, शेती, मॅट्रिकला पुन्हा बसतो. खरं कारण एकच. वर्षापूर्वी नारूदादाकडे मुंबईला गेलो होतो तेव्हा तो मला गिरणीच्या दारापर्यंत घेऊन गेला. दार उघडलं आणि आतला आवाज बाहेर आला. नुसता आवाज. माझे पाय मागे सरकले. मी भित्रा आहे हे तेव्हा मला कळलं आणि ते मी कुणालाही कळू दिलं नाही. उलट वाडीत मी मोठ्या मनानं म्हणत सुटलो — गंगारामला न्या, तो धडधाकट आहे, त्याला वरकस जमिनीत नाचणीपलीकडे काय मिळतंय? लोक म्हणाले, बघा, स्वतःची जागा मित्राला देतोय. आणि गंगारामलाही जायचं होतं. मुंबई बघायची होती त्याला. डोळे चमकायचे त्याचे.

भागीकाकीनं रिवाजाप्रमाणे देवीला विचारलं. गुरवानं कळ्या लावल्या. आम्ही सगळे देवळात उभे होतो. डावी कळी अशी पडली, जणू कुणी बोटानं सारली. प्रश्न संपला. घरी जाताना गंगारामनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाबा तूच. आमाला न्हाय सोडत ती."

माझी पेटी दारात ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी नारूदादाची गाडी.

त्या दिवशी दुपारी शेवटचा डाव मांडला. खळ्यात ऊन, ओटीवर काकी, तिच्या पुढ्यात तेच सूप. मी पत्ते वाटले. कौलाचं पान गंगारामला गेलं.

गेलं — असं मी इतकी वर्षं मनात म्हणत आलो. गेलं नाही. मी दिलं.

त्यानं ते बघितलं आणि हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. आईकडे वळून म्हणाला, "इचारू काय गो आये?"

काकीचा हात सुपात थांबला. "देवीनं नाय म्हटलंय रं."

"खेळात गो."

तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मला अजून तिचा चेहरा दिसतो. मुलाला काय हवंय ते तिला ठाऊक होतं, आणि ते आपण अडवतोय असं तिला वाटत होतं. मग म्हणाली, "इचार. खेळात इचारलेलं देवी मोजत नाय."

त्यानं विचारलं. मी गठ्ठा हातात धरला. तळाला लाल पान होतं, तीच बदामची अठ्ठी. सकाळपासून तिथं होतं. वरचं पान काय होतं ते मला माहीत नाही. मी ते उलटलं असतं तर कदाचित तेही लाल निघालं असतं — हा विचार मी कितीदा केलाय म्हणून सांगू. पण मी ते उलटलं नाही. मी तळातलं ओढलं.

काकीनं बदामची अठ्ठी हातात घेतली, ठिपके बोटानं चाचपले. "याच पानानं माझी रेडी दिली," ती म्हणाली. मग उठली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं गंगारामचं बोचकं बांधलं. काकी आणि मी त्याला पोलादपूरपर्यंत पोचवायला गेलो. गाडी सुटताना मी हात हलवत होतो आणि मला इतकं हलकं वाटत होतं की लाज वाटायचीही आठवण झाली नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आत गंगाराम परत आला. यंत्राच्या पट्ट्यात उजवा हात गेला होता. कोपराच्या वरून.

उजवा. पालखीच्या खांद्याचा.

वाडीत कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच होतं. देवीनं डावा दिला, यांनी मोडला, तिनं उजवा घेतला. गणपतीत मुंबईची माणसं आली तेव्हा देवळात बैठक बसली. गुरवानं विचारलं, कौल कुणी मोडला? नारूदादा खाली बघत होता. तोही त्या डावात होता, पण त्याच्या लेखी पान आपसूक लाल निघालं होतं, त्यात कुणाचा काय दोष? गंगाराम तोंड उघडणार, एवढ्यात भागीकाकी पुढे आली.

"मी म्हटलं जा. पोराचा दोष नाय. मी म्हटलं."

खेळाचं नाव तिनं काढलं नाही. पानाचं नाही. माझं नाही. पत्त्यांना विचारून देवीचा शब्द मोडला, हे सांगायची तिला लाज वाटली असेल. की मला वाचवायचं होतं? मला कसं कळणार — मी तिच्याकडे बघतच नव्हतो. मी देवळाच्या खांबावरच्या मुंग्या बघत होतो.

बैठकीनं ठरवलं, देवी उजवा देईपर्यंत तिची पालखी भागीच्या दारात जाणार नाही; दंडाचा कौल तेवढा दर शिमग्याला नव्यानं मागता येतो.

तुम्हाला हे लहानसं वाटेल. शिमग्यात आमच्याकडे देवी स्वतः घरोघरी येते. वर्षातून एकदा ती देऊळ सोडते आणि तुमच्या खळ्यात उतरते, तुमचा नारळ घेते, तुमची ओटी घेते, घरातल्या प्रत्येकासाठी नावानं गाऱ्हाणं घातलं जातं. मुंबईची माणसं रजा टाकून येतात ती त्यासाठी. ज्या दारात पालखी येत नाही, त्या दारात लग्नाची बोलणी येत नाहीत, वाटणीचं पाणी उशिरा येतं, बाया पाण्यावर जाताना वाट वाकडी करतात. कुणी शिवी देत नाही. फक्त दार बंद असल्यासारखं सगळे वागतात.

पालखीच्या पुढच्या उजव्या खांद्याला माणूस हवा होता. डाव्या खांद्याला आता नारूदादा, आणि त्याच्या बुटक्या उंचीला जुळेल असा मीच. हो, मी. उलट्या पायांचा. आणि मला शिकवलं कुणी? गंगारामनं. आमच्याच खळ्यात, रोज संध्याकाळी, डाव्या हातानं माझा खांदा दाबत, पायानं ताल धरत. "वझं खांद्यावर घेऊ नगंस," तो म्हणायचा, "कमरेत घे. आणि ती वडेल तिकडं जायचं. आपन न्यायचं नाय तिला." एक दिवस शिकवता शिकवता थांबला आणि म्हणाला, "इठ्या, ते पान लालच व्हतं न्हवं?"

"व्हतं की," मी म्हणालो. "तूच बघितलंस."

यात एकही शब्द खोटा नव्हता. एवढं सफाईदार खोटं मी पुन्हा कधी बोललो नाही.

दर शिमग्याला पालखी निघायच्या आधी गुरव भागीकाकीच्या दारासाठी कौल लावायचा. आणि कळ्या लावण्याआधी तो सगळ्यांकडे वळून एकच विचारायचा. "कुनाच्या मनात काय आसंल त आत्ता बोला. मागनं देवीला बोल लावू नका." देऊळ भरलेलं असायचं. मी पहिल्या रांगेत, खांद्यावर पालखीचा पट्टा. मी बोलत नसे. तो कळ्या लावायचा. डावी पडायची.

पहिल्या वर्षी मी म्हटलं, योगायोग. पत्ते पिसणाऱ्याला योगायोग कळतात. दुसऱ्या वर्षी पुन्हा डावी. तिसऱ्या वर्षी मी गुरवाच्या हातांकडे डोळ्यात तेल घालून बघितलं, कुठं बोट लागतंय काय, कळीचं देठ जास्त सुकं आहे काय. हात म्हातारा होता, थरथरत होता, आणि स्वच्छ होता. मी तळातून पान ओढणारा माणूस. मला दुसऱ्याची लबाडी चार हातांवरून कळते. तिथं लबाडी नव्हती. तिथं मी गप्प होतो आणि कळी डावी पडत होती, एवढंच होतं. पुढची वर्षं मी कळ्यांकडे बघायचंच सोडलं. गुरवाचा प्रश्न आला की मी पट्टा घट्ट धरायचो, आणि कळी पडल्याचा आवाज — कळी पडल्याचा कधी आवाज होतो काय? — मला ऐकू यायचा.

देवीवर माझा विश्वास होता काय? असता तर बोललो असतो. नसता तर घाबरलो नसतो. मी मधला. माझ्यासारखे मधलेच फार.

आणि काकी? ती दर वर्षी खळं सारवायची. रांगोळी घालायची. नारळ, तांदूळ, हळदकुंकू सुपात घेऊन दारात उभी राहायची. पालखी तिच्या दारावरून पुढे जायची, ती तिथूनच हात जोडायची, आणि सूप तसंच आत न्यायची. आपली चूक आहे असं तिनं धरलेलं. मुलाचा हात आपण घालवला, असं. एकदा माझ्या आईला म्हणाली, "माझ्याच जिभेनं घात केला." मी भिंतीपलीकडे जेवत होतो. जेवण पूर्ण केलं.

आता जे राहिलंय ते सांगतो.

पालखीचा एक नियम आहे जो कौलाच्याही वरचा. पालखी वाटेत जड झाली — भोयांच्या खांद्यावर अचानक भार आला, पाय उचलेना — तर थांबायचं. ती तिथं थांबायचं म्हणते. मग ते दार कुणाचंही असो, बैठकीनं काहीही ठरवलेलं असो. गुरव पुढे येतो, तिथंच गाऱ्हाणं घालतो, ती काय सांगते ते विचारतो. आमच्या आजोबांच्या वेळी एकदा झालं होतं म्हणतात.

काकीचा तो शेवटचा शिमगा. पावसाळ्यात ती गेली, पण तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं. दुपार होती. ढोल पुढे गेला होता. गंगाराम ओटीवर खांबाला टेकून बसला होता, उरलेल्या हातानं गुडघ्यावर ताल धरून. काकी दारात, पांढऱ्या केसांवर पदर, हातात सूप. खळं सारवून ओलं होतं अजून.

तिच्या दारासमोर पालखी जड झाली.

मी शपथेवर सांगू शकत नाही की ती देवी होती. माझेच पाय असतील. इतकी वर्षं वाहिलेलं काहीतरी असेल. पण उजवा दांडा माझ्या खांद्यात रुतला, कमरेतून खाली गेला, आणि माझा पाय जमिनीवरून सुटेना. आणि हे माझ्या एकट्याला नाही. बाजूला नारूदादाचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

"इठ्या," तो हळूच म्हणाला, "जड झाली रं. थांबती काय ती?"

मला फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं. पालखी त्या खळ्यात उतरली असती. काकीच्या हातातला नारळ फुटला असता.

पण मग गुरव पुढे आला असता. त्या दारात, तिच्यासमोर, गंगारामसमोर, त्यानं सगळ्यांकडे वळून तेच विचारलं असतं.

"नाय दादा," मी म्हणालो. "माझा पाय सरला. चल."

आणि मी ओढलं. गंगारामनं शिकवलं होतं त्याच्या अगदी उलटं. कमरेतून जोर लावून, दात आवळून, मी तिला तिथून पुढे नेलं. दोन पावलांत ती हलकी झाली. नेहमीसारखी.

मागून काकीचा आवाज आला. तिनं माझं बोलणं ऐकलं होतं.

"इठू, पाय सरला काय रं? जपून टाक बाबा."

मी मागे न बघता मान हलवली, आणि पाय जपून टाकत पुढच्या दाराकडे गेलो.